एसीतला गॅस हवेत न सोडणारं दुकान, कर्वेनगर

एवढा मोठा रिव्ह्यू आयुष्यात पहिल्यांदाच लिहितीये, पण लिहिल्याशिवाय राहवेना. घाईत असाल तर आधीच सांगते, कर्वेनगरमधलं हे एसी-फ्रीज रिपेअरचं दुकान मला पुण्यात आत्तापर्यंत भेटलेलं एकमेव असं दुकान आहे जिथे एसीतला जुना गॅस हवेत सोडून देत नाहीत, नवा गॅस काट्यावर मोजून भरतात आणि लीकेज सापडल्याशिवाय गॅस भरायला हातच लावत नाहीत. पाच स्टार दिलेत. अर्धा कापता आला असता तर कापला असता, तो कशासाठी ते खाली येईलच.

आमचा एसी दीड टनाचा स्प्लिट, २०१२ मध्ये घेतलेला, सासूबाईंच्या खोलीत. त्यांचं वय ८३, त्यात दमा, आणि फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यामुळे स्लॅब तापला की ती खोली संध्याकाळी सातपर्यंत भट्टीसारखी असते. हल्ली एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळीसला टेकतोच, पूर्वी पंख्यावर भागायचं ते दिवस गेले. सांगायचं काय तर आमच्याकडे एसी चैनीसाठी नाहीये.

तर या एसीचं कूलिंग गेली तीन वर्षं दर मार्चअखेर गंडायचं. आधी ज्यांना बोलवायचो त्यांचं नाव घेत नाही, मला कुणाची बदनामी करायची नाहीये आणि खरं सांगायचं तर ते करायचे तसंच पुण्यात बहुतेक ठिकाणी करतात. फोन केला की दोन पोरं बाईकवरून यायची, पाच मिनिटं बघायची, "मॅडम, गॅस संपलाय", मग गॅलरीत जाऊन आउटडोअरचा नट पान्याने ढिला करायची आणि फुस्स्स करून मिनिटभर नुसता आवाज. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं काय चाललंय, तर म्हणाला जुना गॅस काढून टाकतोय, नवा भरायच्या आधी काढावाच लागतो. मग सिलिंडर जोडायचा, अर्ध्या तासात काम खल्लास, २८०० रुपये, बिलावर 'फुल गॅस चार्जिंग'. पुढच्या मार्चला परत तेच. तीन वर्षं आम्ही असे पैसे दिले आणि एसी म्हणजे दरवर्षी गॅस भरावाच लागतो, गाडीत पेट्रोल भरतात तसं, असंच आमच्या घरात सगळ्यांना वाटत होतं.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. मी शाळेत आठवी ते दहावीला सायन्स शिकवते. दरवर्षी १६ सप्टेंबरला ओझोन दिन असतो, त्याची पोस्टरं मुलांकडून करून घेते, पृथ्वीने छत्री धरलीये, छत्रीला भोक पडलंय, सीएफसी लिहिलेल्या बाटलीवर लाल फुली. हा दिवस १६ सप्टेंबरलाच का तर १९८७ मध्ये त्या तारखेला सीएफसीसारखे ओझोनला मारक गॅस बंद करायचा मॉन्ट्रियल करार झाला, हेही फळ्यावर लिहून देते. आणि माझ्याच गॅलरीत तीन वर्षं तो फुस्स आवाज होत होता, मी शेजारी उभी राहून "चहा घेणार का" विचारत होते. पुस्तकातला ओझोन मोडणारा क्लोरीन आणि आपल्या भिंतीवरचा एसी, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्याच नाहीत. हे कळलं त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

यंदाचं नाही, मागच्या वर्षीच्या एप्रिलमधलं सांगतीये. परत कूलिंग गेलं तेव्हा शाळेतल्या एका बाईंनी या दुकानाचा नंबर दिला. फोन तीनदा केला तेव्हा उचलला, आणि सहा दिवसांनंतरची वेळ मिळाली. त्या सहा दिवसांत सासूबाईंना आमच्या खोलीत हलवलं, टेबल फॅनपुढे ओला पंचा टांगून दिवस काढले. अर्धा स्टार इथेच कापला असता. दुकानातले काका म्हणाले सीझनला दिवसाला तीनच कामं घेतो, चौथं घेतलं की घाई होते आणि घाईत काम बिघडतं. तेव्हा राग आला होता, काम बघितल्यावर पटलं.

काका स्वतः साठीच्या पुढचे असतील, सोबत त्यांचा पुतण्या. आल्या आल्या पान्याला हात न लावता आउटडोअरच्या बाजूला वाकून ती चिकटवलेली पत्र्याची पट्टी फडक्याने पुसली आणि वाचली, आर-२२, १.१५ किलो. मग मला विचारलं, "ताई, याआधी गॅस भरला तेव्हा किती ग्रॅम भरला होता?" मी नुसती बघत राहिले, कारण तीन वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता आणि मलाही कधी पडला नव्हता. तुम्हीही आत्ता उठून आपल्या एसीची पट्टी वाचून या, गॅस कुठला आणि किती ते प्रत्येक मशीनवर लिहिलेलं असतं.

मग त्यांनी एक छोटं मशीन काढलं, आवाज बऱ्यापैकी मोठा, सासूबाई आतून विचारत होत्या मिक्सर का लावलाय. ते रिकव्हरी मशीन. एसीतला उरलेला गॅस ओढून घ्यायचा आणि वेगळ्या सिलिंडरमध्ये भरायचा, करड्या रंगाचा सिलिंडर, वरचा भाग पिवळा, म्हणजे यात काढलेला गॅस आहे हे लांबूनच कळतं. सिलिंडर डिजिटल काट्यावर ठेवलेला. वीस-पंचवीस मिनिटांनी आकडा थांबला, ६४० ग्रॅम. काका म्हणाले हा तुमचाच गॅस, फिल्टरमधून काढून तुमच्याच मशीनमध्ये परत जाणार, कमी आहे तेवढाच मी नवा घालणार आणि तेवढ्याचेच पैसे घेणार. म्हणजे आधीच्या पोरांनी जो 'जुना गॅस' म्हणून हवेत सोडला तो काही जुना-बिना झालेला नव्हता. एसीतला गॅस वापरून संपत नाही, शिळा होत नाही, तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो, आत उष्णता उचलतो बाहेर टाकतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतंय, याशिवाय दुसरं कारण नाही.

मग गळती शोधणं, आणि यात त्यांनी जो वेळ घेतला तो बघण्यासारखा होता. नळ्यांमध्ये नायट्रोजन भरला, अडीचशे पीएसआयपर्यंत, आणि पुतण्याने ब्रशने साबणाचं पाणी एकेका जोडाला लावत नेलं. आतली कॉइल ठीक. बाहेरच्या जाड नळीच्या नटापाशी बारीक बारीक फेस यायला लागला. नट उघडला तर तांब्याच्या नळीचं तोंड जिथे फुलवलेलं असतं, त्याला हे लोक फ्लेअर म्हणतात, तिथे केसाएवढी चीर. मुळात इन्स्टॉलेशनलाच तो नीट बसला नसावा असं काका म्हणाले, आणि त्यात दरवर्षी तोच नट ढिला करून गॅस सोडायचा आणि परत जोर लावून आवळायचा, त्याने चीर वाढत गेली. म्हणजे ज्या नटातून आम्ही पैसे देऊन गॅस सोडत होतो तोच नट वर्षभर गळत होता.

नळी कापून नवीन फ्लेअर केला, परत नायट्रोजन भरला आणि गेज लावून तसाच ठेवून गेले. म्हणाले उद्या येतो, रात्रभर काटा हलला नाही तरच पुढे. मला खरं तर त्याच दिवशी एसी चालू हवा होता. दुसऱ्या दिवशी अकराला आले, काटा होता तिथेच. मग नायट्रोजन सोडून दिला, तो सोडायला हरकत नाही कारण हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यानंतर नळीतली हवा आणि ओल ओढून घ्यायला व्हॅक्यूम पंप पाऊण तास, मायक्रॉनचा मीटर ५०० च्या खाली उतरेपर्यंत. बाकीचे लोक हे करतच नाहीत, नळीतली हवा बाहेर ढकलायला थोडा गॅसच सोडतात, म्हणजे तिथेही परत गॅस हवेत, आणि नळीत ओल राहिली तर कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं ते वेगळंच. शेवटी ६४० ग्रॅम आपला आणि ५१० ग्रॅम नवा, काट्यावर बघून. मला बोलावून आकडा दाखवला.

बिल ४९०० झालं. यात नायट्रोजनचे ५०० वेगळे लावले होते आणि ते आधी सांगितलं नव्हतं, हे मला आवडलं नाही आणि मी तसं बोलले पण. काकांनी वाद घातला नाही, म्हणाले सांगायला हवं होतं, पुढच्या वेळी आधी सगळं लिहून देतो. पैसे कमी नाही केले हेही खरंय. पण हिशोब करा, दरवर्षी २८०० आणि तीन वर्षांचे ८४०० गेलेच ना.

आता गॅसबद्दल, कारण लोक म्हणतात एवढ्याशा गॅसने काय होतंय. मी घरी वहीत बसून मांडलं. बिलं खरी मानली तर तीन वर्षांत तीन वेळा १.१५, म्हणजे जवळपास साडेतीन किलो आर-२२ आमच्या एसीत गेला आणि शेवटी ६४० ग्रॅम उरला. म्हणजे किमान २.८ किलो हवेत. आर-२२ कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १८०० पट उष्णता धरून ठेवतो, शंभर वर्षांच्या हिशोबाने. गुणाकार केला तर पाच टन होतात. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तर हे झालं २२०० लिटर पेट्रोल. माझी स्कूटर लिटरला ४५ देते. म्हणजे लाखभर किलोमीटर. मी रोज शाळेत जाऊन-येऊन १२ किलोमीटर चालवते, आणि बस मिळाली तर बसने जाते की तेवढाच धूर कमी. आणि ओझोनचं नुकसान यात धरलेलंच नाहीये, ते आणखी वेगळं.

ओझोनचं सांगते, कारण पालकांच्या ग्रुपवर सुद्धा ग्लोबल वॉर्मिंग आणि ओझोनचं भोक या दोन गोष्टींची कायम खिचडी होते. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन जास्त असतो आणि तो सूर्याची घातक अतिनील किरणं अडवतो. थर म्हणतात म्हणून गोधडीसारखं काहीतरी डोळ्यासमोर येतं, पण वरचा सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरच्या दाबाला पसरला तर त्याची जाडी सरासरी ३ मिलिमीटर भरेल, म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन नाणी. आपल्याकडे उष्ण कटिबंधात तर त्याहून थोडी कमीच. तेवढ्यावर माणसांची कातडी, डोळे, पिकं, समुद्रातलं शेवाळ सगळं टिकून आहे.

सीएफसी म्हणजे ज्यात कार्बनला क्लोरीन आणि फ्लोरीन चिकटवलेत असे गॅस. हे १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले आणि तेव्हा ते वरदान वाटले, कारण त्याआधीचे फ्रीज अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइडवर चालायचे, गळती झाली तर माणसं दगावायची. हा गॅस पेटत नाही, वास नाही, विषारी नाही, कशाशी भांडत नाही. आणि कशाशीच भांडत नाही हाच त्याचा दोष ठरला, कारण खाली त्याला काहीच तोडत नाही, पावसात विरघळत नाही, वारा त्याला हळूहळू काही वर्षांत वर नेतो आणि वर गेल्यावर अतिनील किरणं त्याच्यातला क्लोरीन सुटा करतात. सुटा झालेला क्लोरीनचा एक अणू ओझोनच्या लाखभर रेणूंचा फडशा पाडू शकतो, कारण तो स्वतः खर्च होत नाही, एक मोडला की पुढच्याकडे. हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी मांडलं, त्यांना १९९५ मध्ये क्रुट्झन यांच्यासोबत केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. मुलं मला विचारतात बाई हा गॅस हवेपेक्षा जड असतो मग वर कसा जातो. प्रश्न चांगला आहे. पण हवा म्हणजे साठवलेलं पाणी नाही गाळ खाली बसायला, ती सतत घुसळली जाते, ताकासारखी. म्हणून तो सगळीकडे सारखा पसरतो.

भोक अंटार्क्टिकावर का आणि पुण्यावर का नाही, तर तिथे हिवाळ्यात वरची हवा उणे ७८ च्या खाली जाते, त्या थंडीत एक वेगळेच ढग बनतात आणि त्या ढगांच्या कणांवर क्लोरीन मोकळा व्हायची तयारी होते, सप्टेंबरात तिथे ऊन आलं की धडाधड ओझोन मोडायला लागतो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॅली बेवरच्या मोजमापातून हे जगाला दाखवलं. म्हणजे गॅस सुटतो कर्वेनगरच्या गॅलरीतून आणि भोक पडतं पार खाली दक्षिण ध्रुवावर.

आर-२२ हा त्या जुन्या सीएफसीचा धाकटा भाऊ, एचसीएफसी. त्यात हायड्रोजन असल्याने बराचसा खालच्या हवेतच मोडतो, हवेत साधारण १२ वर्षं टिकतो, जुना सीएफसी आर-१२ शंभर वर्षं टिकतो. ओझोन मोडायची ताकद आर-११ ला, हाही जुना सीएफसीच, १ धरली तर आर-२२ ची ०.०५५. कमी आहे, पण शून्य नाही, आणि शहरभर भिंतींवर किती एसी टांगलेत ते मान वर करून बघा. कारखान्यात बंद झालं म्हणून संपलं असं नसतं ना, जो गॅस आधीच मशीनमध्ये भरलेला आहे तो कुठे जाणार हे शेवटी पाना हातात असलेला माणूस ठरवतो. मला वाटतं या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस तोच आहे आणि त्याला आपण दोन-अडीच हजारांत अर्ध्या तासात उरक म्हणतो.

आमच्या सोसायटीत एकांनी मला ऐकवलं, ओझोनचं भोक आता भरत आलंय, पेपरात आलं होतं. बरोबर आहे, भरतंय. २०२३ च्या जानेवारीत जो आंतरराष्ट्रीय अहवाल आला त्यात म्हटलंय की आत्ताचे नियम पाळत राहिलो तर बहुतेक जगावर २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास ओझोन १९८० च्या पातळीला येईल. पण ते नियम पाळल्यामुळेच भरतंय. जगातल्या प्रत्येक देशाने सही केलेला आहे हा मॉन्ट्रियल करार. आणि कुणी नियम मोडला तर कळतंही, २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की आर-११ हवेत जेवढ्या वेगाने कमी व्हायला हवा तेवढा होत नाहीये, माग काढला तर पूर्व चीनमधून नव्याने सुटत होता, बोभाटा झाल्यावर ते कमी झालं. भारत १९९२ मध्ये करारात आला, २००० मध्ये आपल्याकडे ओझोनला मारक पदार्थांचे नियम झाले, २०१० पासून सीएफसी बंद, आणि आर-२२ सारखे एचसीएफसी २०३० पर्यंत बंद करायचेत, जुन्या मशीनच्या सर्व्हिसिंगपुरता अगदी थोडा वाटा त्यानंतर २०४० पर्यंत. केंद्र सरकारच्या ओझोन सेलच्या कार्यक्रमातून मेकॅनिकना गॅस न सोडता काम करायचं ट्रेनिंग दिलं जातं, काकांच्या पुतण्याने ते केलंय, दुकानात सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय.

आणि पुण्याचं या विषयाशी जुनं नातं आहे हे किती जणांना माहितीये कुणास ठाऊक. रोज आपण ज्या सिमला ऑफिसच्या चौकातून जातो ते ऑफिस हवामान खात्याचं, आणि पुणे हे ओझोन मोजायचं जुनं केंद्र. इथून फुग्याला यंत्र बांधून वर सोडतात आणि कुठल्या उंचीवर किती ओझोन आहे ते मोजतात. डॉ. के. आर. रामनाथन पुण्यात हवामान खात्यात होते, ओझोनवरचं त्यांचं काम एवढं मोठं की पुढे ते आंतरराष्ट्रीय ओझोन कमिशनचे अध्यक्ष झाले. मी आता हे मुलांना सांगते, नुसती छत्रीची पोस्टरं नाही करून घेत. मागच्या सप्टेंबरला प्रत्येकाला घरच्या एसी-फ्रीजची पट्टी वाचून गॅसचं नाव लिहून आणायला सांगितलं. ज्यांच्याकडे एसी नाही त्यांनी फ्रीजचं आणलं, आर-६००ए, आर-१३४ए, चाळिशीतल्या एका फ्रीजचं नाव वाचताच येईना एवढी गंजलेली पट्टी.

फ्रीजवरून आठवलं. माझ्या आईकडे सदाशिव पेठेत १९९४ चा फ्रीज होता, आर-१२ वाला, बंद पडून माळ्याच्या जिन्याखाली उभा होता. भंगारवाला ७०० देतो म्हणाला. भंगारात गेला की पहिलं काम काय करतात, कॉम्प्रेसर काढायला नळी छाटतात, आणि गॅस गेला. काकांना फोन केला, त्यांनी पुतण्याला पाठवला, त्याने छोटा व्हॉल्व्ह लावून गॅस काढून घेतला, ११० ग्रॅम निघाला. सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही, पण आर-१२ उष्णता धरण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त आणि ओझोनला आर-११ एवढाच घातक. तो बाटलीत बंद करून ठेवला, कुणाचा जुना फ्रीज अजून चालू असेल तर त्याला वापरता येतो. जाण्यायेण्याचे ३०० घेतले, गॅस काढायचे काहीच नाही. त्याच्या भिंतीतल्या फोममध्ये सुद्धा सीएफसी असतो, तो काढायची सोय त्यांच्याकडे नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

नवीन एसी घ्यावा का हेही विचारलं होतं. दुसरा कुणी असता तर लगेच विकायलाच बसला असता. काका म्हणाले कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, गळती नाही, अजून तीन-चार वर्षं चालवा, घ्याल तेव्हा आर-३२ किंवा आर-२९० वाला घ्या. आर-४१०ए मध्ये क्लोरीन नाही म्हणून ओझोनला धक्का नाही, पण उष्णता धरतो २००० पटींच्या वर, म्हणजे एका संकटातून सुटून दुसऱ्यात. आर-३२ चं तेच प्रमाण ६७५. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, त्याचं अगदी नगण्य, पण तो चांगलाच पेटतो म्हणून त्याचं काम येत असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं. आर-३२, आर-४१०ए सारख्या क्लोरीन नसलेल्या गॅसना एचएफसी म्हणतात, त्यांच्यावर सुद्धा २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला निर्णय झालाय, भारत २०२८ पासून वापर गोठवणार आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करणार. एक गोष्ट काकांनी फार कळकळीने सांगितली, जुन्या आर-२२ च्या एसीत कुणी 'दुसरा स्वस्त गॅस घालतो, चालतो' म्हणालं तर दारातूनच परत पाठवा. आर-३२ आणि आर-४१०ए चा दाब बराच जास्त, ऑइल पण वेगळं, आणि प्रोपेनचं मशीनच वेगळं बनवलेलं असतं. बंद खोलीत म्हातारं माणूस झोपलेलं असताना असले प्रयोग नकोत.

दुकानाचं बाकी सांगायचं तर जागा छोटी, गाडी लावायला त्रास, गल्लीच्या तोंडाशी लावून चालत जा. बिल हाताने लिहून देतात पण त्यावर काढलेला गॅस किती, घातलेला किती हे ग्रॅममध्ये लिहितात. यूपीआय चालतं. रिकव्हरी मशीन एकच आहे म्हणून एका वेळी एकाच घरी गॅसचं काम होतं, मार्चच्या पहिल्या आठवड्यातच नंबर लावा, एप्रिलमध्ये फोन करून माझ्यासारखे सहा दिवस काढू नका. फोनवर बोलताना काका जरा तुटक वाटतात, समोर आल्यावर तसं नाहीये, फक्त काम चालू असताना प्रश्न विचारलेले त्यांना आवडत नाहीत, संपल्यावर चहा घेता घेता पाहिजे तेवढं सांगतात.

यंदा मार्चमध्ये मी मुद्दाम बोलावलं, कूलिंग चांगलं होतं तरी. पुतण्या एकटाच आला, फिल्टर आणि कॉइल धुतली, मशीन चालू करून गेज लावला, मागच्या बिलाच्या मागे काकांनी पेन्सिलने लिहून ठेवलेला दाबाचा आकडा काढून त्याच्याशी ताडून बघितला. तेवढाच होता. गॅस भरायचा प्रश्नच आला नाही, सर्व्हिसिंगचे ६०० घेतले आणि गेला. सासूबाईंनी आतून विचारलं, आज तो आवाज नाही आला का गं.